दुसरी चिठ्ठी

नेऱ्यात आमच्या घरासमोर एकच वावर अजून शिल्लक आहे. बाकी सगळीकडे इमारती उठल्या. त्या वावराचा मालक म्हातारा आहे, हट्टी आहे, आणि दर वैशाखात तो राब भाजतो. त्या दिवसांत आमच्या वरच्या मजल्यावरची भाडेकरू मुलं धाडधाड खिडक्या लावून घेतात. काल त्यातला एक जिन्यात भेटला. डोळे चोळत म्हणाला, "आजी, किती पोल्यूशन करतात हे लोक." मी म्हटलं, "हो ना रे." आणि आत येऊन माझ्या खोलीची खिडकी सताड उघडून बसले. धूर माझ्या छातीला बाधतो, डॉक्टरांनी तसं पुतण्याला बजावून सांगितलंय. बाधू दे. वर्षातून चार दिवस तर असतो.

राब म्हणजे काय ते आता सांगावं लागतं. भाताचं रोप जिथं टाकायचं त्या तुकड्यावर आधी शेण पसरायचं. त्यावर कवळ, म्हणजे ऐना-किंजळाच्या तोडून वाळवलेल्या फांद्या, त्यावर गवत नि पाचोळा, आणि सगळ्यावर मातीचा पातळ थर. मग वारा येतो त्याच्या उलट्या अंगानं पेटवायचं. भडका उडता कामा नये, नुसतं धुमसत राहायला हवं. त्यासाठी हातात ओली डहाळी घेऊन दिवसभर उभं राहायचं आणि जिथं ज्वाळ दिसेल तिथं झोडपायचं. तोंडावर काजळी, डोळ्यांना धारा, पायाखाली तापलेली माती. हे दोघांनी करायचं काम आहे. गप्पा मारत केलं तर दिवस कसा गेला कळत नाही. मी ते एका वैशाखात एकटीनं केलं, आणि तो दिवस कसा गेला ते मला तासातासानं आठवतं.

म्हणून धुराचा वास नाकात शिरला की मी चोवीस वर्षांची होते. गाव माझ्याशी बोलायचं थांबलेलं असतं. खाली धरणाच्या गाळातून माणसांची रांग चाललेली असते, आणि ती का चालली आहे हे मला वरून, राबाच्या तुकड्यावरून, स्पष्ट दिसत असतं.

आमचं गाव मुळशीच्या धरणाच्या काठाला, डोंगराच्या कुशीत. म्हणजे नवं गाव. जुनं गाव माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी पाण्याखाली गेलं होतं, पण सासरची माणसं त्याच्याबद्दल असं बोलायची की जणू काल भाकऱ्या बांधून वर आलीत आणि उद्या परत जायचंय. वैशाखात पाणी हटलं की ते गाव हळूहळू वर यायचं. आधी आंब्यांची काळी खोडं, मग विहिरीचा कठडा, मग घरांच्या जोत्यांच्या ओळी. गुरं चारायच्या निमित्तानं सगळे खाली उतरायचे. माझ्या सासूबाई एका दगडाशी बसायच्या आणि मला दर वर्षी तेच सांगायच्या, "हितं आमची चूल व्हती." मी दर वर्षी नव्यानं ऐकल्यासारखं करायची. गाळाला भेगा पडलेल्या असायच्या, त्यातून मेलेल्या शिंपल्यांचा वास यायचा. मला ते सगळं आवडायचं. नव्या सुनेला सासरचं गाव असं उघडं, छपराशिवाय बघायला मिळत नाही.

सगळ्यात शेवटी वर यायचं ते भैरोबाचं जोतं. गाव वर हलवताना देवाचा तांदळा, म्हणजे शेंदूर लावलेला तो अनघड दगड, वाजतगाजत वर आणला होता. वर नवं देऊळ बांधलं, गाभारा बांधला, पायऱ्या केल्या. पण जोतं काही उचलून आणता येत नाही, ते खालीच राहिलं. गावाचं म्हणणं असं की वर देव राहतो, पण त्याचं ठाणं खालीच. त्यामुळे मोठा वाद मिटवायचा असला, कुणाला शब्दात बांधायचं असलं, तर लोक वैशाखाची वाट बघायचे. जोतं उघडं पडलं की तिथं जमायचं. परातीत बेल आणि भंडारा ठेवायचा, त्यावर हात ठेवून बोलायचं. बेलभंडारा उचलून दिलेला शब्द मोडणारा माणूस आमच्या गावानं तोवर पाहिला नव्हता. निदान तसं सांगायचे तरी.

त्या वर्षी नव्या कायद्यानं ग्रामपंचायत यायची होती. आणि त्यात बाईसाठी जागा ठेवली होती. गावात यावरून आठवडाभर हसणं चाललं होतं. मग हसणं संपलं आणि प्रश्न उरला, की बाई आणायची कुठून? घोटावड्याच्या प्राथमिक शाळेतल्या मास्तरांची मी मुलगी, सातवी झालेली. गावातली पत्रं मी वाचायची, मनिऑर्डरीचे कागद मी भरून द्यायची. एका सकाळी आबा आमच्या ओट्यावर येऊन बसले. आबा म्हणजे गावकीचे पुढारी, सगळ्यांत वडीलधारे. त्यांनी मान हलवली की गावाची मान हलायची.

"सूनबाई," ते म्हणाले, "सही करनारी बाई गावात तूच. आता न्हाई म्हनू नगंस. निवडनूक करायचीच न्हाई, समदं बिनविरोध. फकस्त आधी जोत्यावर भंडारा उचलायचा, का गावाचं काम सरळ करीन म्हनून. सरकारची शपथ सरकारपाशी. आपली भैरोबापाशी."

मी हो म्हटलं. लगेच म्हटलं, त्यांचं वाक्य पुरतं संपायच्या आत. कारण मला ती जागा हवीच होती.

ते का, ते सांगायला मला अजूनही जड जातं. आदल्या वर्षीच्या आधीच्या श्रावणात माझी यमू गेली. दोन वर्षांची होती. ताप आला, मग श्वास घरघरायला लागला. दवाखाना पौडाला. पावसाळ्यात आमच्याकडून निघायचं तर पाणी ओलांडावं लागायचं, नाहीतर डोंगरातून अख्ख्या दिवसाची चिखलाची वाट. होडी होती, पलीकडच्या एका माणसाची, स्वतःची. त्याच्या मनात आलं तर यायचा, वारा असला की नाही यायचा. मी यमूला इरल्याखाली धरून सकाळपासून काठावर उभी राहिले. ठकूअक्का माझ्याबरोबर होती. आमची शेजारीण, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, उंच, हाडापेराची, आवाज डोंगरावरून खाली पोचेल असा. ती सारखी पलीकडे हाका मारत होती. तिच्या हाकांनी पलीकडची कुत्री भुंकायची, माणूस काही यायचा नाही. सासऱ्यांनी अंगारा आणून दिला, मी तो लावला. बेलाचं पान यमूच्या कपाळाला लावून धरलं आणि भैरोबाला जे जे म्हणून बोलता येतं ते बोलले. दुपार टळायच्या आत यमू माझ्या हातांत हलकी झाली. होडी दुसऱ्या दिवशी आली.

त्यानंतर मी देवावर रागावले असं नाही. लोकांना तसं वाटतं, पुस्तकांतही तसं असतं. माझं तसं झालं नाही. पंधरा-वीस दिवसांनी सवयीनं देवळात गेले, हात जोडले, आणि लक्षात आलं की मी दगडापुढे उभी आहे. बस्स, एवढंच. घरातलं माणूस बाहेरगावी गेलं की घर कसं लागतं, तसं ते देऊळ लागलं. मी कुणाला काही बोलले नाही. घरात दिवा लावत होते, सणाला पुरण घालत होते, सासूबाईंच्या मागून प्रदक्षिणा घालत होते. ह्यांनासुद्धा, माझ्या नवऱ्यालाही, ठाऊक नव्हतं. आणि ते ओझं वाटत नव्हतं, हेही खरं. मला फक्त होडी हवी होती. पंचायतीची, ठरलेल्या माणसाची, पावसाळाभर रोज येणारी होडी.

आता गावाची गंमत बघा. बाईनं भंडारा उचलायचा म्हटल्यावर गावकीत तीन संध्याकाळी खल झाला. बाईला गाभाऱ्यात जाता येत नाही, मग शपथ कशी घ्यायची? कुणी म्हणे, पायरीवरून घेऊ दे. कुणी म्हणे, नवऱ्यानं तिच्या वतीनं उचलावा. शेवटी आबांनीच तोडगा काढला. खाली जोत्यावर भिंत नाही, उंबरा नाही, गाभारा कुठून कुठवर होता तेही आता सांगता येत नाही. मग विटाळ कसला? सगळ्यांनी माना हलवल्या. आपण केवढा गुंता सोडवला याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यांवर मावत नव्हतं. मी जोत्यावर चढू शकते का, याचा त्यांनी इतका विचार केला. चढल्यावर माझ्या मनात काय असेल, हे विचारावं असं एकाच्याही डोक्यात आलं नाही.

ती सकाळ फार सुंदर होती. सगळीकडे राबांचा धूर, पलीकडचा डोंगर नुसता पुसट. गाळात पाय रुतू नयेत म्हणून पेंढा टाकला होता. आधी पुरुषांनी भंडारा उचलला. बाबूभाई मुलाणीही सभासद व्हायचे होते. गावच्या जत्रेत बोकडाचा पहिला मान त्यांच्या घराचा, त्यामुळे भैरोबा त्यांना काही परका नव्हता. त्यांनी परातीवर हात ठेवला, आधी आपल्या पिराचं नाव घेतलं, मग भैरोबाचं. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

मग माझी पाळी. मी जोत्यावर चढले. परातीपाशी वाकले. बेल नुकताच तोडलेला होता, देठाला ओल होती. आणि मला यमूचं कपाळ आठवलं.

मी हात मागे घेतला. म्हटलं, "आबा, मी काम सरळ करीन. पण याच्यावर हात ठेवून नाही सांगणार. माझा याच्यावर विश्वास नाही राहिला. खोटं हात ठेवला तर पहिलंच काम मी वाकडं केलं असं होईल."

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. बाबूभाई पुढे आले आणि हळूच म्हणाले, "उचल पोरी. मी न्हाई का उचलला? माझा पीर कुटं रागावला?"

"तसं नाही चाचा," मी म्हटलं.

आबा म्हणाले, "देव न्हाई म्हन्तीस, त्येचं मला काय न्हाई. त्येचं त्यो बघंल. पन उद्या शबुद मोडलास तर तुला कुनाचं भ्या? बाबूभाईचा देव येगळा, पन हाय. आमी तुझा शबुद बांधायचा कशाशी?"

"माझी पोर गेलीय, आबा. मला होडी पायजे. एवढं पुरत नाही?"

"न्हाई पुरत," ते म्हणाले. रागानं नाही म्हणाले. खरं तर फार मऊ आवाजात म्हणाले. "बरं, भंडारा नगं. पोरीची आन घे."

त्यांना मला मार्ग काढून द्यायचा होता, हे मला तेव्हाही कळलं. पण यमू आता कुठं होती, की तिची आण घ्यावी? जी राहिली नाही तिला काय लागणार होतं? मी नाही म्हणून मान हलवली आणि जोत्यावरून खाली उतरले. सासूबाई चुलीच्या दगडापाशी तोंड फिरवून बसल्या होत्या.

आबांचा तो प्रश्न मी आयुष्यभर चघळत आलेय. वाईट प्रश्न नव्हता तो. पुढे बालवाडीत शिकवायला लागले तेव्हा शपथा घेऊन सर्रास वाकडं वागणारी माणसं मी ढिगानं पाहिली, म्हणून आबांना उत्तर मिळालं असं मात्र म्हणवत नाही. भ्यायला कुणी नसलेल्या माणसाशी व्यवहार कसा करायचा, हे त्यांना खरंच माहीत नव्हतं. आणि मी सांगायला हवं होतं ते मलाही माहीत नव्हतं. कधी वाटतं, ठेवायचा होता हात. एक पान, चिमूटभर हळद. यमूच्या नावानं खोटं बोलायला काय हरकत होती? असं वाटणारे दिवस वर्षात पुष्कळ येतात.

ह्यांनी मला घरी एका शब्दानं विचारलं नाही. दोन दिवसांनी म्हणाले, "फारम भरायचा आसंल तर उद्या पौडाला जायला पायजे." आम्ही डोंगरातून चालत गेलो. कचेरीतल्या कारकुनानं नाव विचारलं, नवऱ्याचं नाव, वय, मतदार यादीतला नंबर. मी म्हटलं, "देवाधर्माचं काही लिहायचं नाही?"

त्यानं चष्म्यावरून बघितलं. "बाई, वेड लागलेलं नाही ना, शिक्षा झालेली नाही ना, एवढं कायदा विचारतो. देव मानता का, याला इथं रकाना नाही."

मला त्या कोरड्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. परत येताना वाटेत करवंदं खाल्ली, झऱ्याला पाणी प्यालो. हे फारसं बोलले नाहीत, पण पुढे चालताना दोनदा मागं वळून माझ्यासाठी थांबले. त्या सबंध उन्हाळ्यात मी तेवढा एक दिवस सुखात होते.

कायद्याला रकाना नव्हता, गावाला होता. सगळ्या जागा बिनविरोध झाल्या, एक बाईची सोडून. बिनविरोधाचं आबांचं स्वप्न माझ्यापायी मोडलं, हे गावाला देवाच्या अपमानाहून जास्त लागलं असावं. माझ्यासमोर त्यांनी ठकूअक्काला उभं केलं. तिला अक्षर येत नव्हतं आणि उभं राहायची हौस तर मुळीच नव्हती. "मला नगं बया ह्ये," असं ती विहिरीवर म्हणाली होती. पण तिच्या नवऱ्याला आबांनी सांगितलं आणि तिला नवऱ्यानं. तिनं जोत्यावर जाऊन भंडारा उचलला. मग गावकीनं सगळ्याच मतदारांना खाली बोलावलं. बाया, पुरुष, सगळे. प्रत्येकानं परातीवर हात ठेवून म्हणायचं, की मत गावानं ठरवलेल्या बाईलाच देईन.

तो दिवस म्हणजे मी राब भाजला तो. हे सकाळी उठले, मुंडासं बांधलं, दारात थांबले. "जातो," म्हणाले. "न्हाई गेलो तर आपल्याला रानात कवळ तोडू द्यायचं न्हाईत. आनी मत काय कुनी वाकून बघतंय व्हय?" मी हसले. त्यांनीही हसल्यासारखं केलं. मी समजायचं ते समजले.

मग मी दिवसभर ओली डहाळी घेऊन धुरात उभी होते, आणि खाली रांग पुढं सरकत होती. इतक्या लांबून चेहरे दिसत नाहीत, पण माणसं चालीवरून कळतात. सासूबाई कळल्या. हे कळले. सगळ्यांत उंच ती ठकूअक्का. एकेक जण जोत्यावर चढायचा, वाकायचा, उतरायचा. माझ्याविरुद्ध अख्खं गाव ओळीनं वाकताना मी बघितलंय. त्यात राग असा कुणाच्या अंगात नव्हता. पुष्कळांनी नंतर घरी जाऊन भाताच्या बियाण्याचंच बघितलं असेल.

मतदान शाळेत झालं. तेव्हा आमच्याकडे प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची. तट्ट्याच्या आडोशाला पेट्या ठेवलेल्या, वर चित्र चिकटवलेलं. माझ्या पेटीवर कंदील, ठकूअक्काच्या पेटीवर घागर. हातातली चिठ्ठी ज्याच्या पेटीत टाकायची त्याला मत. मी आत गेले, घागरीकडे एकदा बघितलं आणि कंदिलात माझी चिठ्ठी टाकली. स्वतःलाच मत देताना लाज वाटली. संध्याकाळी साहेबांनी पेट्या उघडल्या. घागर उपडी केली तर टेबल भरलं. कंदील उपडा केला, आणि काहीच पडलं नाही. त्यांनी पेटी हलवली. मग दोन चिठ्ठ्या पडल्या.

लोक हसले. मी मात्र त्या दुसऱ्या चिठ्ठीकडे बघत होते. घरी जाताना मी ह्यांच्या मागोमाग चालले होते आणि मला त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटत होता. देवाला भिणारा माणूस, अमावास्येला नारळ न चुकवणारा, त्यानं माझ्यासाठी भंडारा मोडला होता. मी त्यांना कधी विचारलं नाही. असल्या गोष्टी विचारून हलक्या करायच्या नसतात असं मला वाटायचं. पुढे आम्हाला मूल झालं नाही, शेत जेमतेम पिकत राहिलं, गावानं मला हळदीकुंकवाला बोलवायचं सोडलं ते सोडलंच. वाळीत बिळीत काही टाकलं नाही, नुसतं वगळलं. ओटी भरताना माझ्यापाशी आल्या की बायांची नजर पुढच्या बाईवर जायची. त्या सगळ्या वर्षांत मी त्या चिठ्ठीवर जगले, असं म्हटलं तर खोटं होणार नाही. ह्यांचे रुसवे, ह्यांचा आळस, सगळं मी तिच्यापायी माफ केलं.

आणि ठकूअक्का? ती सभासद झाली आणि मला वाटलं, होडी बुडाली. तसं झालं नाही. ती डोक्यावर पदर घेऊन प्रत्येक सभेला जाऊन बसायची. इतर काय बोलतात ते तिला कळायचं नाही, कळून घ्यायचीही नाही. सभा उठायच्या आधी एकच वाक्य बोलायची, "व्हडीचं काय केलं?" दर महिन्याला. पुरुष कंटाळले, थट्टा करून झाली, मग त्यांना ते वाक्य ऐकवेना. अर्ज लिहायची वेळ आली की ती भर दुपारी वाटी घेऊन माझ्या मागच्या दारी यायची. "विरजन हाय का गं?" म्हणून. आत आली की पदराखालून कागद काढायची. मी लिहायची, ती अंगठा उठवायची. तिसऱ्या पावसाळ्यात होडी आली. ठरलेला माणूस, रोज दोन खेपा. मी काठावर जाऊन बघून आले, आणि घरी येऊन खूप रडले.

विरजणासाठी ती नंतरही यायची. गावातली तेवढी एकच बाई यायची. एका उन्हाळ्यात तिची दुभती म्हैस धरणाच्या गाळात रुतून मेली. पुढल्या वर्षी धाकटा मुलगा जांभळीवरून पडला, त्याचा पाय कायमचा अधू झाला. तेव्हा माझ्या मागच्या पायरीवर बसून ती म्हणाली होती, "माझ्या हातनं त्येच्या जोत्यावरचा शबुद मोडलाय. त्यो फेडून घेतोय बग." मला वाटलं, पंचायतीतलं काहीतरी असेल. सरळ काम करीन म्हणाली आणि कुठं अंगठा भलत्या कागदावर उठला असेल. मी तिला ऐकवलं. मोठ्या शहाणपणानं ऐकवलं. "अक्का, तिथं कोणी नाही. दगड आहे तो. दगड कसला फेडून घेतोय?"

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला बरं हाय बाय." आणि वाटी घेऊन गेली.

हे गेले ते इथं, गाव सोडून पुतण्याकडे आल्यावर, नेऱ्याच्या घरात. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी मी पेज भरवत होते. मध्येच त्यांनी माझं मनगट धरलं. "तुला येक सांगायचं ऱ्हायलं," म्हणाले. "ती चिठ्ठी माझी न्हवती. पेटीपातुर गेलो व्हतो. हात न्हाई धजला. यमू नेली त्येनं, आजून राग नगं म्हनलं."

एवढ्या वर्षांचा राग एकदम आला आणि तो काढायला समोर नुसती हाडं होती. मी उरलेली पेज भरवली, तोंड पुसलं, वाटी धुवायला गेले. मोरीत वाटी धुता धुता मला ठकूअक्का दिसली.

निवडणुकीनंतर ती देवळाची पायरी कधी चढली नाही. जत्रेत, रविवारी, मुलांच्या लग्नात, ती खाली उभी राहायची आणि नारळ दुसऱ्याच्या हाती वर पाठवायची. विचारलं तर गुडघे दुखतात म्हणायची. ते गुडघे डोंगरावरून मोळी घेऊन उतरताना दुखत नव्हते. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. घागर तिची होती, तिनं घागरीत टाकायला हवी होती, आणि ती तट्ट्यामागं उभं राहून, भैरोबा बघतोय याची पक्की खात्री असताना, चिठ्ठी कंदिलात टाकून आली. तिला वाटलं असणार, शिकलेली आहे, ही होडी आणील. माझ्या मतात धोका काहीच नव्हता, कारण माझ्या वर कोणी नव्हतं. तिनं म्हैस दिली, मुलाचा पाय दिला, तिच्या हिशेबानं दिला. आणि हे ती सांगायला आली तेव्हा मी तिला शिकवलं.

ठकूअक्का ह्यांच्या आधी सहा-सात वर्षं गेली होती. तिच्या दहाव्याला मी जेवून आले होते.

ह्यांचे दिवस झाल्यावर मी पुतण्याला म्हटलं, मला एकदा गावी ने. देवळात जायचंय म्हटल्यावर त्याला आश्चर्य वाटलं, पण म्हाताऱ्या माणसांचं असं होतं अशी त्यानं समजूत करून घेतली. दुपारची वेळ, देवळात कोणी नव्हतं. मी पायऱ्या चढले. उंबऱ्यापाशी परातीत भंडारा होता, सुकलेला बेल होता. मी त्यावर हात ठेवला, नीट, पाचही बोटं टेकवून. म्हटलं, ठकूचा शब्द माझ्यापायी मोडला. तिच्या नावावर काही ठेवू नकोस. तिच्या मुलांच्या तर नकोच.

उत्तर येणार नाही हे मला माहीत होतं. पुतण्या खाली गाडीत बसून हॉर्न वाजवत होता. तरी मी तिथं थांबले. अक्का थांबली असती तेवढा वेळ.